मधुमेहातील रक्तशर्करेचे चढउतार

मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या खाली उतरणे किंवा वर चढणे, यास रक्तशर्करेचे चढउतार असे म्हणतात. प्रमाण खाली गेल्यास त्या स्थितीला अल्पशर्करा किंवा हायपोग्लायसेमिया, आणि वर गेल्यास अतिशर्करा किंवा हायपरग्लायसेमिया अशी नावे आहेत. बोलीभाषेत 'शुगर लो झाली', 'साखर चढली' असे शब्दप्रयोग रूढ आहेत.

मधुमेह म्हटला की वाढलेली साखर एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. साखर उतरण्याचा धोका मात्र घरातील माणसांना पुष्कळदा ठाऊकच नसतो. या दोहोंमधील मुख्य भेद काळाचा आहे. वाढलेली साखर बहुधा वर्षानुवर्षे शरीर पोखरत राहते, तर उतरलेली साखर काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे.

एकके व मर्यादा

भारतात रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तामागे किती मिलिग्रॅम ग्लुकोज, या एककात सांगतात. या लेखातील आकडे, वेगळा उल्लेख नसल्यास, त्याच एककात आहेत. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. त्या आकड्याला १८ ने गुणले असता भारतीय पद्धतीचा आकडा मिळतो. लंडनला राहणाऱ्या मुलीने आपली साखर ८ असल्याचे कळवले, तर पुण्यातील आईवडिलांनी घाबरण्याचे कारण नाही. तो आकडा १४४ होतो.

निरोगी व्यक्तीची उपाशीपोटी रक्तशर्करा साधारणतः ७० ते ९९ असते. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था होय. १२६ किंवा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास व फेरतपासणीत ते कायम राहिल्यास मधुमेहाचे निदान करतात. उपचार चालू असलेल्या रुग्णाची साखर ७० च्या खाली गेल्यास ती अल्पशर्करेची पहिली पातळी, ५४ च्या खाली गेल्यास दुसरी पातळी मानतात. तिसऱ्या पातळीला आकडा नाही. रुग्णाला स्वतःचे स्वतः सावरता येत नाही व दुसऱ्याची मदत घ्यावी लागते, हीच तिची व्याख्या.

शरीरातील नियमन

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. रक्तशर्करा १०० असता त्या सगळ्या रक्तात मिळून सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज भरते, म्हणजे चहाचा एक चमचा साखर. एका जेवणातून याच्या दहा-पंधरा पट ग्लुकोज शरीरात येते, तरीही निरोगी माणसाच्या रक्तातील प्रमाण फारसे ढळत नाही. ही किमया मुख्यतः स्वादुपिंड आणि यकृत यांची आहे.

जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढू लागले की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन हे संप्रेरक स्रवतात. इन्सुलिनमुळे स्नायू व मेद यांच्या पेशी ग्लुकोज आत घेतात आणि यकृत त्याचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने करते. रात्री किंवा उपवासात हे चक्र उलटे फिरते. इन्सुलिन कमी होते, स्वादुपिंडातीलच अल्फा पेशी ग्लुकागॉन हे संप्रेरक सोडतात आणि यकृत साठ्यातील ग्लुकोज रक्तात ओतू लागते. स्नायूंमध्येही ग्लायकोजेन असते, पण ते स्नायूंच्याच उपयोगी पडते. रक्तात परत येत नाही. मेंदू तर ग्लुकोजचा साठाच करत नाही. विश्रांतीच्या काळात शरीर वापरते त्या ग्लुकोजचा मोठा वाटा एकट्या मेंदूला लागतो आणि तो रक्तातून अखंड मिळावा लागतो. साखर उतरल्यावर सर्वप्रथम बुद्धी व वर्तन बिघडण्याचे कारण हेच.

निरोगी माणसाची रक्तशर्करा ८० च्या आसपास आली की इन्सुलिनचे स्रवणे मंदावते. ती ७० च्या खाली जाऊ लागल्यास ग्लुकागॉन आणि अधिवृक्क ग्रंथींतून येणारे ॲड्रेनलिन कामाला लागतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल व वृद्धी संप्रेरक येतात. यांतील पहिली पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत नेमकी तीच तुटलेली असते. स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन साखर उतरताच थांबते. सुईने टोचलेले इन्सुलिन थांबत नाही. रुग्ण जेवला की नाही, याची त्याला वार्ता नसते. ते आपला ठरलेला काळ काम करीत राहते. टाइप १ मधुमेहात याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. आजार सुरू झाल्यावर काही वर्षांत साखर उतरली तरी ग्लुकागॉन पुरेसे स्रवेनासे होते. अशा रुग्णाची भिस्त मग मुख्यतः ॲड्रेनलिनवर राहते.

अल्पशर्करा

अल्पशर्करेची लक्षणे दोन गटांत येतात. पहिला गट ॲड्रेनलिनचा: हात थरथरणे, दरदरून घाम फुटणे, छातीत धडधड, एकाएकी कडकडून भूक, ओठांना मुंग्या, अकारण भीती. ही शरीराने दिलेली पूर्वसूचना होय. दुसरा गट मेंदूच्या उपासमारीचा: लक्ष न लागणे, शब्द न आठवणे, बोलणे जड किंवा असंबद्ध होणे, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, हट्ट, झोक जाणे आणि पुढे झटके व बेशुद्धी. दुसऱ्या गटातील माणूस पुष्कळदा आपल्याला काही झाल्याचे मान्य करत नाही व दिलेली साखर घेण्यासही नकार देतो. तो नकार आजाराचाच भाग असतो. रस्त्यात झोकांड्या खाणाऱ्या अशा रुग्णाला दारू प्यायलेला समजून लोक बाजूला होतात, ही या आजारातील फार मोठी शोकांतिका आहे.

सर्वच मधुमेहींना हा धोका सारखा नसतो. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणारे, यांना तो मुख्यत्वे असतो. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. म्हणून आपल्या गोळीचे नाव ठाऊक असणे, निदान त्याची चिठ्ठी खिशात असणे, हे रुग्णाच्या दृष्टीने कोणत्याही पथ्याइतकेच महत्त्वाचे आहे.

कारणे बहुधा साधी असतात. गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर घेतले पण जेवण लांबले. लग्नकार्यात पंगत दोन वाजता बसली. नेहमीपेक्षा पुष्कळ चालणे झाले. व्यायामाचा परिणाम त्या दिवसापुरता नसतो, कारण रिकामे झालेले स्नायू नंतर चोवीस तासांपर्यंत रक्तातून ग्लुकोज ओढत राहू शकतात. उपाशीपोटी मद्यपान केल्यास यकृताचे नवे ग्लुकोज तयार करण्याचे काम दबते व साखर कित्येक तासांनी, झोपेत, उतरते. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की इन्सुलिन आणि काही गोळ्या शरीरातून हळू बाहेर पडतात. तोच डोस आता जास्त होतो. वृद्ध रुग्ण सकाळची गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा घेतात.

भारतात आणखी एक कारण आवर्जून ध्यानात ठेवावे लागते. येथे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतांच्या मिळतात: दर मिलिलिटरमध्ये ४० एककांची आणि १०० एककांची. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल व १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. १०० च्या कुपीतील औषध ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले तर १० नव्हे, २५ एकके शरीरात जातात. याच्या उलट अदलाबदल झाल्यास १० ऐवजी ४ एकके जातात आणि साखर चढत राहते. गाव बदलल्यावर, दुकान बदलल्यावर किंवा घाईत सिरिंज आणल्यावर हा घोटाळा होतो. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा एकच असल्याची खात्री दर वेळी करणे हा त्यावरचा एकमेव उपाय आहे. पेनमधून घ्यावयाचे इन्सुलिन काड्यापेटीसारखे सुटसुटीत असले तरी त्यातील औषध पेनाच्या काडतुसातून सिरिंजने ओढू नये, तेही याच कारणासाठी.

शुद्धीवर असलेल्या रुग्णासाठी उपाय सोपा आहे आणि तो सामान्यतः 'पंधराचा नियम' म्हणून ओळखला जातो. १५ ग्रॅम लवकर शोषली जाणारी साखर घ्यावी, १५ मिनिटे थांबावे, पुन्हा मोजावे. साखर ७० च्या वर आली नसेल तर तेच पुन्हा करावे. १५ ग्रॅम म्हणजे ग्लुकोज पावडरचे किंवा साखरेचे चहाचे तीन सपाट चमचे पाण्यात विरघळवून, अथवा एक मोठा चमचा मध, अथवा अर्धा पेला फळांचा रस. 'डाएट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांत साखर नसते, त्यामुळे येथे त्यांचा काहीच उपयोग नाही. पेढा, लाडू किंवा चॉकलेट देण्याची प्रथा सर्रास आढळते. परंतु त्यांतील तूप व मेद यांमुळे साखर शोषली जाण्यास वेळ लागतो, आणि वेळ हीच तर येथे नसलेली वस्तू असते. पोळी किंवा भात ही नंतरची गोष्ट झाली. साखर सावरल्यावर पुढचे जेवण तासाभराहून दूर असेल तर काहीतरी खावे, म्हणजे ती पुन्हा घसरत नाही.

वोग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधे घेणाऱ्यांसाठी या नियमात मोठा अपवाद आहे. घरातील साखर हा ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचा जोडरेणू आहे. आतड्यात तो फोडणाऱ्या विकरालाच ही औषधे अडवतात. अशा रुग्णाला साखरपाणी देऊन हवा तसा गुण येत नाही. त्याला ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. भारतात वोग्लिबोज अन्य औषधांबरोबर एकाच गोळीत मिळते, त्यामुळे आपण ते घेतो हे रुग्णाला अनेकदा ठाऊक नसते. ग्लुकोजची पुडी घरात व पिशवीत ठेवण्याचा आग्रह डॉक्टर धरतात त्यामागे हेही एक कारण आहे.

घाबरून गेल्यावर दिसेल ते खाण्याकडे ओढ असते. पाच-सहा चमचे साखर, वर केळे, वर बिस्किटे, असे झाल्यास दोन तासांनी साखर ३०० वर जाते. मग ती उतरवण्यासाठी जादा इन्सुलिन घेतले जाते आणि झोका पुन्हा खाली येतो. पंधरा मिनिटांची वाट पाहणे कठीण असते खरे, पण नियमाचा अर्धा भाग तोच आहे.

रुग्ण बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर वळवावे आणि तत्काळ मदत बोलवावी. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल व ते देण्याचे शिक्षण मिळालेले असेल तर ते द्यावे. रुग्णालयात शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो, आणि नातेवाईक त्याला लगेच घरी नेऊ पाहतात. साखर सल्फोनिलयुरिया गोळीमुळे उतरली असेल तर असे करणे धोक्याचे आहे. गोळीचा अंमल पुष्कळ तास टिकतो व साखर पुन्हा उतरते. म्हणून अशा रुग्णाला निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवतात.

रात्रीची अल्पशर्करा झोपेत निसटून जाते. पहाटे कपडे घामाने भिजलेले असणे, वाईट स्वप्ने, सकाळी डोके दुखणे व कारणाविना थकवा या तिच्या खुणा आहेत. शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला त्या रुग्णाआधी कळतात.

पुन्हा पुन्हा साखर उतरत राहिल्यास शरीराला तिची सवय होते व पूर्वसूचना मिळेनाशी होते. थरथर नाही, घाम नाही. माणूस बोलता बोलता थेट गोंधळतो. याला अल्पशर्करेची अजाणता म्हणतात. काही आठवडे साखर कटाक्षाने ७० च्या वर राखल्यास हरवलेली जाणीव बऱ्याच रुग्णांत काही अंशी परत येते. रक्तदाब व हृदयविकार यांवरील बीटा-ब्लॉकर गटातील औषधे थरथर व धडधड झाकतात. घाम मात्र झाकला जात नाही. याउलट ज्यांची साखर दीर्घकाळ ३०० च्या घरात राहिली आहे, त्यांना ती ११०-१२० वर आली तरी उतरल्यासारखे वाटते. हा भास नसून शरीराची खरी प्रतिक्रिया असते. पण ती धोक्याची नसते आणि नव्या पातळीची सवय झाली की मावळते.

अतिशर्करा

रक्तशर्करा १८० च्या पलीकडे गेली की मूत्रपिंडांना सारे ग्लुकोज परत शोषून घेता येत नाही व ते लघवीत उतरते. जाताना ते पाणी ओढून नेते. वारंवार लघवी, त्यामुळे तहान, तोंडाला कोरड, वजनात घट व थकवा ही साखळी अशी तयार होते. अंधुक दिसणे, जखमा लवकर न भरणे, जांघेत वा मूत्रमार्गाशी खाज व जंतुसंसर्ग हीही लक्षणे होत. तथापि साखर २००-२५० असूनही काहीच न जाणवणारे रुग्ण अगणित आहेत. 'मला काही त्रास नाही' हा साखर ताब्यात असल्याचा पुरावा ठरत नाही.

औषध चुकणे व खाण्यातील बदल ही उघड कारणे झाली. ताप, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, मानसिक ताण यांतही साखर चढते, कारण संकटकाळी शरीर ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल सोडते आणि ती इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतात. दमा, सांधेदुखी इत्यादींसाठी दिलेली स्टेरॉइड औषधे हेही करतात. रोज एकाच जागी सुई टोचल्याने त्वचेखाली गाठी येतात व तेथून इन्सुलिन कधी कमी, कधी अचानक जास्त शोषले जाते. उन्हात तापलेले इन्सुलिन निकामी होते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते. फ्रीज नसलेल्या घरांत पाण्याने भरलेल्या माठात, पिशवीत बंद करून ठेवण्याची युक्ती वापरतात आणि ती उघड्या फळीपेक्षा निश्चित बरी आहे.

अतिशर्करेची तातडीची अवस्था दोन प्रकारची असते. इन्सुलिन जवळजवळ नसेल तर पेशी उपाशी राहतात, शरीर मेद जाळू लागते आणि त्यातून किटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात साठतात. हा मधुमेही किटोआम्लता विकार होय. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास ही त्याची लक्षणे. या विशिष्ट श्वसनाचे वर्णन जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली केले व त्यांचेच नाव त्यास मिळाले. टाइप १ मधुमेहाचे निदान अनेक मुलांमध्ये याच अवस्थेत होते. त्याआधीचे काही आठवडे मूल सारखे पाणी पिते, वाळत जाते आणि कित्येक वर्षे कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा ओले करू लागते. ही खूण ओळखून त्याच दिवशी बोटाच्या थेंबाची तपासणी झाली तर पुढचा अनर्थ टळतो. पोटदुखी व उलट्या पाहून केवळ पोटाचे औषध देत राहिल्यास मोलाचा वेळ जातो.

दुसरी अवस्था मुख्यतः टाइप २ च्या वृद्ध रुग्णांत येते. थोडे इन्सुलिन शिल्लक असल्याने किटोन फारसे होत नाहीत, पण साखर ६०० च्याही वर जाते, दिवसेंदिवस पाणी निघून जाऊन शरीर सुकते आणि रुग्ण ग्लानीत जातो. घरच्यांना ते वयाचे झोपाळूपण वाटते. दोन्ही अवस्थांत रुग्णालयाला पर्याय नाही.

आजारपणात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन बंद करणे ही चूक सर्वत्र आढळते. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन कधीच पूर्ण थांबवायचे नसते; तापात उलट अधिक लागण्याचा संभव असतो. मेटफॉर्मिन आणि लघवीवाटे साखर घालवणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या मात्र उलट्या-जुलाबांत काही काळ थांबवाव्या लागतात, आणि तो निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यायचा असतो. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत साखर २०० च्या आसपास असतानाही किटोआम्लता होऊ शकते. म्हणून अशांना उलट्या होत असतील तर केवळ साखरेचा आकडा पाहून निर्धास्त होता येत नाही.

'इन्सुलिन एकदा लागले की सुटत नाही' ही समजूत आणि मधुमेह मुळापासून घालवण्याच्या जाहिराती या दोन्ही एकाच ठिकाणी घाव घालतात. टाइप २ च्या रुग्णाला शस्त्रक्रिया वा गरोदरपण यांपुरते इन्सुलिन देऊन पुढे बंदही करतात. टाइप १ मध्ये ते न सुटण्याचे कारण सवय हे नसून शरीरात ते तयारच होत नाही हे आहे. चूर्ण किंवा काढा यांच्या भरवशावर टाइप १ च्या मुलाचे इन्सुलिन थांबवल्यास काही दिवसांतच त्याच्या प्राणावर बेतते.

दीर्घकालीन दुष्परिणाम डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, मज्जातंतू, हृदय आणि पायांच्या रक्तवाहिन्या यांवर होतात. त्यांचा विचार मधुमेहावरील मुख्य लेखात येतो.

पहाटेची वाढ

रात्री काही न खाता सकाळची साखर झोपतानापेक्षा जास्त कशी, हा प्रश्न बहुतेक रुग्णांना पडतो. पहाटे तीननंतर शरीर जागे होण्याच्या तयारीला लागते, वृद्धी संप्रेरक व कॉर्टिसॉल यांचा प्रभाव वाढतो आणि यकृत ग्लुकोज सोडते. ते आवरण्याइतके इन्सुलिन नसल्याने साखर चढते. मायकेल सोमोजी यांनी १९३८ मध्ये निराळा तर्क मांडला होता: रात्री साखर उतरते आणि शरीराच्या प्रतिकारामुळे सकाळी ती उसळते. अखंड मापनाची साधने आल्यावर असे क्वचितच घडते असे दिसून आले. तरीही रात्रीचे इन्सुलिन वाढवण्यापूर्वी एक-दोनदा पहाटे तीनला उठून साखर मोजणे शहाणपणाचे ठरते, कारण दोन्ही कारणांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत.

मोजमाप

घरगुती ग्लुकोमीटर बोटाच्या थेंबावर काम करतो. बोटाच्या मध्यापेक्षा कडेला टोचल्यास कमी दुखते. हात आधी साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा कापल्यावर तसेच बोट टोचले तर कातडीवरील रसामुळे आकडा भलताच वर जातो. यंत्रांसाठीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० व त्यावरील वाचनांत १५ टक्क्यांपर्यंत, आणि त्याखालील वाचनांत १५ मिलिग्रॅमपर्यंत फरक ग्राह्य धरला जातो. म्हणजे यंत्राने २०० दाखवल्यास खरी साखर साधारणतः १७० ते २३० च्या दरम्यान कुठेही असू शकते. लागोपाठच्या दोन वाचनांत १०-१५ चा फरक आढळला म्हणून यंत्र बिघडले असे होत नाही.

दंडावर चिकटवायचे अखंड मापन संवेदक त्वचेखालील पेशीबाह्य द्रवातील ग्लुकोज मोजतात. रक्तातील बदल तेथे पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. साखर वेगाने उतरत असताना संवेदक ८५ दाखवतो आणि रक्तात ती ६५ असते, असे घडू शकते. लक्षणे आणि आकडा यांत विसंगती असल्यास बोटाची तपासणी करावी; साधन हाताशी नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून साखर घ्यावी. बहुतेक प्रौढ रुग्णांनी दिवसाचा ७० टक्क्यांहून अधिक वेळ ७० ते १८० या पट्ट्यात असावे व ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी वेळ जावा, असे उद्दिष्ट या साधनांसाठी ठरले आहे.

एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारे १५४, ८ टक्के म्हणजे १८३. सरासरी चढउतार झाकते, हा तिचा दोष. ५० आणि २५० यांमध्ये हेलकावे खाणारा रुग्ण आणि दिवसभर १५० वर स्थिर असलेला रुग्ण यांचा अहवाल एकसारखा येऊ शकतो. शिवाय लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असल्यास हा आकडा खोटा वाढतो, आणि सिकलसेल आजारात तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने खोटा कमी येतो. नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत म्हणूनच या एका तपासणीवर विसंबता येत नाही.

उपवास

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेहाच्या संदर्भात अक्षरशः खरी ठरते. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. त्यात तंतू व प्रथिने नाममात्र असतात, त्यामुळे खिचडीनंतर साखर झपाट्याने चढते. दाण्याच्या कुटाने हा वेग काहीसा मंदावतो एवढेच. रताळी, बटाटे, वरीचे तांदूळ यांचाही हिशेब भातापोळीसारखाच ठेवावा लागतो. निर्जळी उपवास किंवा रमजानचा रोजा यांत धोका उलट दिशेचा असतो: इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया नेहमीच्या मात्रेत घेतल्यास दुपारनंतर साखर उतरते. त्यासाठी औषधांच्या वेळा व मात्रा उपवासाच्या काही आठवडे आधी बदलून घेतात. बोट टोचून साखर मोजल्याने रोजा मोडत नाही, असे मत मान्यताप्राप्त आहे. साखर ७० च्या खाली गेली तर उपवास तेथेच सोडावा लागतो.

शाळा व परीक्षा

टाइप १ मधुमेह असलेले मूल वर्गात एकाएकी गप्प झाले, सोपी बेरीज चुकू लागले किंवा कवायतीनंतर घामाघूम होऊन चिडले, तर ते खोडी किंवा दुर्लक्ष समजून शिक्षा केली जाते. अशा वेळी त्याला एकटे प्रसाधनगृहाकडे किंवा कार्यालयात पाठवू नये. ग्लुकोज जागेवरच द्यावे. तासाच्या मध्येच खाण्याची, पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा त्याला हवी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ पासून मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे, खाद्यपदार्थ व पाण्याची लहान बाटली नेण्याची परवानगी दिली.

इतिहास आणि उद्दिष्टांचा वाद

प्रमेहाच्या प्रकारांत मधासारख्या गोड लघवीचे वर्णन चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आहे. मधुमेह हे नाव तेथलेच. रक्तातही गोडी असते हे इंग्लंडमधील मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये दाखवले. साखर उतरण्याचा प्रश्न मात्र इन्सुलिनबरोबरच जन्मला. १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जेम्स कॉलिप त्याचे शुद्धीकरण करू लागले, तेव्हा औषध टोचलेल्या सशांना झटके येत आणि ग्लुकोज देताच ते सावरत. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्सन या १४ वर्षांच्या मुलावर पहिला प्रयोग झाला. इन्सुलिनचे मोजमाप करण्यासाठी प्रारंभी सशाचाच आधार घेतला गेला: उपाशी ठेवलेल्या २ किलो वजनाच्या सशाची साखर ४५ पर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीपर्यंत, उतरवणारी मात्रा म्हणजे एक एकक. आज सिरिंजवर छापलेले एकक अधिक अचूक झाले असले तरी त्याचे मूळ अल्पशर्करेतच आहे.

साखर किती खाली ठेवावी, यावरचे पहिले ठोस उत्तर अमेरिका व कॅनडातील १,४४१ टाइप १ रुग्णांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये मिळाले. कडक नियंत्रणामुळे डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण तीव्र अल्पशर्करेचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. पुढे टाइप २ च्या हृदयविकाराचा धोका असलेल्या १०,२५१ रुग्णांवरील अ‍ॅकॉर्ड अभ्यासात एचबीए१सी ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात २५७ व तुलनेच्या गटात २०३ मृत्यू झाल्याचे आढळल्याने २००८ साली कडक उपचार मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. मृत्यूंचे नेमके कारण निश्चित झाले नाही; तीव्र अल्पशर्करा हे एकटे कारण असल्याचे सिद्ध झाले नाही.

त्यानंतर सर्वांसाठी एकच उद्दिष्ट ही कल्पना मागे पडली. तरुण व अन्य आजार नसलेल्या रुग्णासाठी एचबीए१सी ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अनेक आजार असलेल्या, स्मृती कमजोर झालेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी ८ टक्क्यांपर्यंतचा आकडा स्वीकारतात, आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या कमी करणे हाच त्यांच्या बाबतीत योग्य उपचार ठरू शकतो.